तुलनेचा तारा

"मास्तर, छप्पर उघडं राहिलंय. माझ्यानं एकटीनं सरकत नाय. येता काय जरा?"

कुंदावहिनींचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजायचे होते. मी नालासोपाऱ्यातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होतो. छप्पर म्हणजे गास गावातल्या त्यांच्या वाडीतल्या, बावखलाच्या म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या काठावरच्या पत्र्याच्या खोलीचं छप्पर. ते रुळांवर सरकतं आणि त्याच्याखाली दुर्बीण असते. मी म्हटलं, "येतो की. पण मधूभाऊ कुठे गेले सकाळी सकाळी?" मग त्या म्हणाल्या, "ते गेले, मास्तर. पहाटे, झोपेतच..." आणि पुन्हा, जणू हेच मुख्य काम असल्यासारखं, "दव पडलंय. आत भिजेल सगळं."

आदल्या संध्याकाळी मधूभाऊंनी नेहमीसारखं छप्पर उघडलं होतं, चार-पाच छायाचित्रं घेतली होती आणि "जरा पडतो, मग येऊन बंद करतो" असं म्हणून ते घरात गेले होते. मी पोचलो तेव्हा ओटीवर नातेवाईक जमायला लागले होते. रीत अशी की आधी आत जाऊन गेलेल्या माणसाचं दर्शन घ्यावं. मी मात्र चपला न काढता घराला वळसा घालून सोनचाफ्यांच्या रांगेतून सरळ मागे गेलो, दुर्बिणीच्या नळीवरचं दव पिवळ्या फडक्यानं टिपलं, आरशाचं झाकण लावलं आणि छप्पर ओढून घेतलं. ओटीवरची मंडळी बघत होती. या माणसाला काय झालंय, असं त्यांना वाटलं असेल. पण मधूभाऊंना विचारलं असतं तर त्यांनीही हाच क्रम सांगितला असता, याबद्दल मला शंका नाही.

त्याला आता सहा आठवडे झाले. पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहाल का, असं मला विचारण्यात आलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. लिहिण्याची हौस म्हणून नव्हे. मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती मी बारा वर्षांपूर्वी एका भरल्या सभागृहात उभं राहून कबूल करायला हवी होती आणि तेव्हा मी मूग गिळून बसलो. ज्यांच्यासमोर ती सांगायची होती त्यांतले बरेचजण ही पुरवणी वाचतात. मात्र ती सांगायची तर आधी मधूभाऊ सांगायला हवेत, आणि मधूभाऊ सांगायचे तर त्यांची 'बाय' सांगायला हवी.

मधुकर हरी राऊत हे गासच्या जुन्या बागायतदार घराण्यातले. केळी, सोनचाफा, थोडी पानवेल. विज्ञानाची पदवी घेऊन ते एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. सकाळी चाफा तोडून टोपल्या भरायच्या, मग कॉलेज, आणि दिवेलागणीनंतर दुर्बीण. दुर्बिणीचा आठ इंची आरसा त्यांनी स्वतः घासला होता. काचेवर काच ठेवून, मध्ये बारीक भुकटी घालून, एका पिंपाभोवती फेऱ्या मारत पाच-सहा महिने. वहिनी म्हणायच्या, "लग्नात सात फेरे घातले, तेपन घाईघाईत. ह्या काचेपायी किती घातले त्याचा हिशेबच नाय." पावसाळ्याचे चार महिने तो आरसा भाजलेल्या तांदळाबरोबर एका घट्ट झाकणाच्या डब्यात झोपायचा, बुरशी धरू नये म्हणून. गणपती गेले की डबा उघडायचा. मग त्या तांदळाचं काय करायचं यावर नवरा-बायकोचं दरवर्षी ठरलेलं भांडण व्हायचं.

माझी त्यांची ओळख झाली ती एका प्रश्नामुळे. मी मूळचा मालवणकडचा, शाळेत गणित शिकवायला म्हणून इथे आलो आणि इथलाच झालो. आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एकदा फळ्यावर मी आलेख काढत उभा होतो. पांढरा सदरा घातलेला एक सावळा, शिडशिडीत माणूस बराच वेळ मागे उभा राहून बघत होता. मुलं पांगल्यावर तो पुढे आला आणि म्हणाला, "मास्तर, टिंबं विखुरलेली असली तर त्यांच्यातून रेघ कुठून न्यायची?" मी विचारलं, कसली टिंबं? त्यांनी खिशातून घडी घातलेला आलेखाचा कागद काढला. त्यावर दोनेकशे टिंबं होती, काही निळी, काही लाल. "हा एका दीर्घिकेचा उजेड आहे," ते म्हणाले. "ही रोज वेगळी दिसते." मी म्हटलं, "दीर्घिका? अब्जावधी तारे असतात ना तिच्यात? ती रोज कशी बदलेल?" त्यावर ते हसले. पुढच्या रविवारी मी त्यांच्या वाडीत होतो, आणि त्यानंतर एकवीस वर्षं बहुतेक रविवारी.

जे मला त्या रविवारी कळलं ते थोडक्यात सांगतो. बहुतेक दीर्घिका शांत असतात, माणसाच्या आयुष्यात त्यांच्यात काही फरक दिसत नाही. पण काहींच्या मध्यभागी एक अवाढव्य कृष्णविवर असतं. त्यात पडणारा वायू आत जाण्याआधी भयंकर तापतो, आणि त्यातला थोडा बाहेर, एका सरळ झोतात, प्रकाशाच्या जवळपास वेगानं फेकला जातो. तो झोत योगायोगानं आपल्याच दिशेनं रोखलेला असला की त्यातली प्रत्येक खळबळ आपल्याला दिसते. मग त्या दीर्घिकेचा उजेड आठवड्यात, कधी कधी दिवसात वरखाली होतो. मधूभाऊ याला भडका म्हणत. भडका आला की नुसता उजेड वाढत नाही, त्याचा रंगही निळ्याकडे सरकतो. "रॉकेलचा स्टो आठवतो ना? पंप मारला की पिवळी ज्योत निळी होते, तसं," असं त्यांनी मला समजावलं. म्हणून ते दर वेळी दोन छायाचित्रं घेत, एक निळ्या काचेतून, एक तांबड्या काचेतून. त्यांची दीर्घिका सप्तर्षींच्या पायाजवळ होती. तिला कुठल्याशा यादीतला क्रमांक आहे, पण मधूभाऊ तिला 'बाय' म्हणत. त्यांच्या घरी धाकट्या बहिणीला, लेकीला, सगळ्यांना बायच म्हणतात. त्यांना मूलबाळ नव्हतं. "आज बाय कशी आहे?" असं वहिनी चाफ्याच्या कळ्या निवडता निवडता विचारायच्या आणि मधूभाऊ सांगायचे, "जरा मलूल आहे," किंवा "आज बरी आहे." कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या उजेडाबद्दल हे बोलणं चाललंय हे नव्या माणसाला कळायचंही नाही.

खरी गंमत मोजण्यात होती. आकाशातला एखादा ठिपका नुसता बघून किती तेजस्वी आहे हे सांगता येत नाही. हवेत धूर असतो, दमट असतं, समोरच्या क्रिकेटच्या टर्फवरचे दिवे लागलेले असतात. म्हणून त्याच छायाचित्रातला एक तारा निवडायचा, ज्याचा उजेड बदलत नाही असा. तो तुलनेचा तारा. धूर आला तर बायही मंद होईल आणि तो ताराही तितकाच मंद होईल, दोघांतला फरक तोच राहील. आणि मग आणखी एक तारा घ्यायचा, पडताळ्याचा. तुलनेच्या ताऱ्यात आणि पडताळ्याच्या ताऱ्यात रोज तोच फरक यायला हवा. नाही आला तर समजायचं की दोघांतला कुणीतरी दगा देतोय. मला गणिताच्या मास्तरला हे इतकं आवडलं की मी दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात पडताळ्यावरच पूर्ण तास घेतला.

हे सगळं संगणकावर मोजलं जायचं, तरी मधूभाऊ वहीत लिहायचे. लांबट, कापडी पाठीच्या वह्या. प्रत्येक हंगामाच्या पहिल्या पानावर आकाशाच्या त्या तुकड्याचा नकाशा, त्यावर 'तु' आणि 'प' अशी खूण केलेले तारे आणि खाली एक ओळ, 'निवड कोणाची', तिथे आद्याक्षरं. नोंदी निळ्या शाईनं. नंतर काही दुरुस्ती झाली तर ती हिरव्या शाईनं. दुरुस्तीचा त्यांचा नियम फार कडक होता. चुकलेला आकडा खोडायचा नाही, गिरवायचा नाही. त्यावरून एकच सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि बाजूला बरोबर आकडा लिहायचा. "काय चुकलं तेपण दिसलं पाहिजे," ते म्हणायचे. "नाहीतर पुढचा माणूस परत तिथेच चुकणार."

आता त्या वर्षाकडे येतो.

त्या वर्षी मधूभाऊंनी कॅमेरा बदलला. नव्या कॅमेऱ्यात आकाशाचा तुकडा लहान यायचा आणि आमचा नेहमीचा तुलनेचा तारा चौकटीबाहेर जायला लागला. चाफा तोडायचा मोसम होता, मधूभाऊंना वेळ नव्हता, म्हणून ते म्हणाले, "मास्तर, नवीन तारा तुम्ही बघा. यंदाची मोजणी आणि वहीपण तुम्हीच सांभाळा." मी बघितला. बायच्या अगदी शेजारी एक होता, तेज जवळपास तितकंच, छायाचित्रात मधोमध येणारा. जरा तांबूस होता. मधूभाऊंनी नकाशावर वाकून पाहिलं आणि ते म्हणाले, "तांबूस तारे लहरी असतात, मास्तर. पडताळा सोडू नका." मी म्हटलं, "सोडतोय कुठला?" आणि पंधरा दिवस मी दोन ताऱ्यांतला फरक इमानेइतबारे काढला. पंधराही दिवस तोच आला. सोळाव्या दिवशी मला वाटलं, रोज तेच उत्तर येतंय तर रोज काढायचं कशाला? आणि मी तो रकाना रिकामा सोडायला लागलो. मुलांच्या वहीत पडताळा नसेल तर अर्धा गुण कापणारा मी... लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केलेली असावी.

चार महिने बाय चढत राहिली. एकदम नाही, हळूहळू, एका लयीत. आणि निळ्याकडे सरकतही राहिली, जसं भडक्यात व्हायला हवं अगदी तसं. इतका सावकाश येणारा भडका आम्ही कधी वाचलाही नव्हता. मी तर हवेतच होतो. मधूभाऊ म्हणत, "थांबा जरा." पण मी थांबलो नाही. त्यांच्या समाजाच्या गुणगौरव समारंभाच्या मंडळींना मीच जाऊन सांगितलं की तुमच्या गासच्या माणसानं एका दीर्घिकेचा आगळा भडका टिपलाय. शाल, श्रीफळ, भाषणं. भाषण करणाऱ्या गृहस्थांनी मधूभाऊंनी नवा ग्रह शोधल्याचं सांगितलं, ते सोडा. वहिनी पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मधूभाऊ शाल खांद्यावर घेऊन अवघडून उभे होते आणि टाळ्या मी सगळ्यांत जोरात वाजवत होतो.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, भर दुपारी, ते माझ्या फ्लॅटवर आले. हातात चाफ्याची पुडी, ती त्यांनी आमच्या हिच्याकडे दिली आणि माझ्यासमोर बसले. म्हणाले, "मास्तर, वहीत पडताळ्याचा रकाना रिकामा दिसला, म्हणून जुनी छायाचित्रं काढून मीच मोजलं. तीन दिवस मोजत होतो." मला कळलं होतं. "बाय जागची हललेली नाही," ते शांतपणे म्हणाले. "तारा उतरतोय. उतरताना तांबडा होतोय. म्हणून आपल्याला बाय चढतेय आणि निळी होतेय असं दिसलं." मी म्हटलं, "तरी अजून कुठे पाठवलेलं नाही आपण." ते म्हणाले, "पाठवलं नाही, पण शाल घेतली."

त्यांचं म्हणणं होतं की समाजाच्या पुढच्या सभेत उभं राहून हे सांगायचं. मी त्यांना पुष्कळ समजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. त्या सभागृहातल्या एकालाही तारा आणि दीर्घिका यांतला फरक ठाऊक नाही, त्यांना काय फरक पडतो? "त्यांना कळत नाही, म्हणून तर सांगायला पाहिजे," ते म्हणाले. "ज्याला कळतं तो आपलं आपण शोधून काढेल." मग मी खरं कारण सांगितलं. तीन आठवड्यांनी माझी मुख्याध्यापकपदाची मुलाखत होती. संस्थेचे दोन सभासद त्याच समाजाचे, त्याच सभेला येणारे. गणिताचा मास्तर पडताळा न करता चार महिने चुकत राहिला, आणि वर स्वतःच डंका पिटत फिरला, हे त्यांच्यासमोर निघालं तर... मी वाक्य पुरं केलं नाही. मधूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, पाणी प्यायलं आणि ते उठले. जाताना दारात म्हणाले, "बरं."

सभेला मी गेलो. दुसऱ्या रांगेत बसलो. पाणीपट्टी, सभागृहाच्या गळक्या छपराची दुरुस्ती, असे विषय झाल्यावर मधूभाऊ उठले आणि व्यासपीठाजवळ गेले. शाल त्यांनी घडी करून पिशवीतून आणली होती. ती टेबलावर ठेवली आणि ते म्हणाले, "गेल्या खेपेला तुम्ही माझा सत्कार केलात. तो भडका खरा नव्हता. ज्या ताऱ्याशी मी तुलना केली तोच बदलत होता. तारा निवडताना आणि पडताळताना माझी चूक झाली. शाल परत करतोय."

आणि मग टाळ्या. चुकून नव्हे, अगदी मनापासून. मागून एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला मोठ्यानं विचारलं, "आता काय शोधलान?" शेजारी म्हणाला, "कायतरी तारा बदलतो म्हनतात." अध्यक्ष उठले, त्यांनी तीच शाल उलगडून पुन्हा मधूभाऊंच्या खांद्यावर घातली, आणि पुन्हा टाळ्या झाल्या. मधूभाऊ "अहो, तसं नाही..." म्हणत राहिले. सभागृह हसत होतं, मीही हसलो. पण 'माझी चूक झाली' हे त्यांनी म्हटलं तेव्हा माझे दोन्ही हात खुर्चीची कड घट्ट धरून होते. फक्त उभं राहायचं होतं. दोन वाक्यं बोलायची होती. मी उभा राहिलो नाही.

मी मुख्याध्यापक झालो. अकरा वर्षं ते पद सांभाळलं, लोक म्हणतात चांगलं सांभाळलं. सुरुवातीचे काही महिने मी वाडीकडे फिरकलो नाही, कामाचं निमित्त होतंच. मग एका संध्याकाळी फोन आला. "मास्तर, ढग नाहीत आज." बास, एवढंच. मी गेलो. वहिनींनी चहा केला, त्यात नेहमीसारखी गवती चहाची पात होती. मधूभाऊंनी वही पुढे सरकवली. पडताळ्याच्या रकान्यात तीन तारे झाले होते. त्या विषयावर त्यांनी एक शब्द काढला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. एकदा मीच बावखलाच्या काठावर बसलो असताना सुरुवात केली, "मधूभाऊ, त्या सभेत खरं तर मी..." तेव्हा ते म्हणाले, "श्श, खंड्या बसलाय बघा," आणि समोरच्या फांदीकडे बोट केलं. खंड्या खरोखरच बसला होता. पण तो उडून गेल्यावरही मी पुढचं बोललो नाही, हे त्यांच्यावर ढकलता येणार नाही.

खरा भडका आला तो त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, उन्हाळ्याच्या तोंडावर. तोवर गासच्या शेतांपलीकडे इमारती उठल्या होत्या. मधूभाऊंनी तेलाचे डबे कापून रस्त्यावरच्या दिव्यांना टोप्या करायचा उद्योग आरंभला होता, उजेड खाली पडावा, वर जाऊ नये म्हणून. सोसायटीचा तरुण सेक्रेटरी म्हणायचा, "अंकल, लाईट कमी केली आणि चोर आला तर कम्प्लेंट माझ्यावर येणार ना?" मधूभाऊ म्हणाले, "टोपीनं खाली जास्तच पडेल, बघ." आणि त्यानं एका खांबाला टोपी लावू दिली. त्या खांबाच्या मेहेरबानीनं म्हणा, पण सप्तर्षींच्या बाजूचं आकाश थोडं शिल्लक राहिलं. त्या संध्याकाळी पहिलं छायाचित्र पडद्यावर आलं आणि आम्ही दोघं पुढे वाकलो. बाय शेजारच्या सगळ्या ताऱ्यांना मागे टाकून बसली होती. आठवड्यापूर्वीच्या दुपटीहून जास्त, आणि निळ्या काचेतून तर त्याहूनही. मी म्हटलं, "पाठवा आता. लगेच." मधूभाऊंनी एक तारा मोजला, दुसरा मोजला, तिसरा मोजला. तिन्ही जागच्या जागी होते. "उद्या परत बघू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाय आणखी चढलेली होती. त्यांनी नोंद पाठवली तेव्हा कळलं की दूरच्या कुणा निरीक्षकानं ती एक दिवस आधीच कळवली आहे. मला फार वाईट वाटलं. त्यांचा हा एक दिवस माझ्या त्या जुन्या चुकीनं खाल्ला, हे मला कळत होतं, आणि मी ते पहिल्यांदाच बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मास्तर, भडका काय माझ्या मालकीचा आहे? आणि हे बघा." त्यांनी पडद्यावर साऱ्या जगाच्या नोंदींचा आलेख काढला. भडका ज्या वेळी सगळ्यांत वर पोचला, तेव्हा आधी कळवणाऱ्या त्या निरीक्षकाकडे दिवस होता. पूर्वेकडच्यांकडे ढग. त्या काही तासांत आलेखावर फक्त आमची निळी-लाल टिंबं होती, दुसऱ्या कुणाचीच नाहीत. "त्या वेळी बायजवळ आपणच होतो," ते म्हणाले. मग वहिनींना हाक मारून त्यांनी ती टिंबं दाखवली. वहिनींनी पदराला हात पुसले, पडद्याजवळ वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "तापली होती तर. मग उतरलं काय?" आठ दिवसांनी उतरलं.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. कॉलेजातल्या मुलांना दुर्बीण चालू ठेवायची आहे. त्यांना वह्या द्यायच्या, पण आधी मास्तरांनी एकदा बघाव्यात, असं त्यांचं म्हणणं. पत्र्याच्या खोलीत सगळं जागच्या जागी आहे. मच्छर चावू नयेत म्हणून ते पाय ज्यात घालून बसायचे ते गोणपाट, पिवळं फडकं, हिरव्या शाईचं पेन आणि तांदळाचा डबा. मी वह्या एकेक करून चाळत गेलो. खरं सांगायचं तर मी एकच वही शोधत होतो. त्या वर्षीच्या पहिल्या पानावर नकाशाखाली 'निवड कोणाची' ही ओळ मी तेव्हा भरलीच नव्हती, हे मला पक्कं आठवत होतं. आधी आळसानं, मग भीतीनं. इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आलो होतो की सभेत त्यांनी काहीही म्हटलं तरी वहीत ते खोटं लिहिणार नाहीत. तिथे एकतर जागा कोरी असेल, नाहीतर माझं नाव असेल, आणि कुठेतरी खरं नोंदलेलं आहे एवढं समाधान मला पुरेल.

जागा कोरी नव्हती. तिथे हिरव्या शाईत, त्यांच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, 'म. रा.'

एवढ्या वह्यांत, हजारो आकड्यांत, त्या माणसानं जाणूनबुजून केलेली ही एकच खोटी नोंद असेल. मी ते पान उघडं धरून बसलो होतो तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी पानाकडे पाहिलं. "सभेच्या आदल्या दिवशी लिवलं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, असं कसं लिवता? तारा तर मास्तरांनी निवडलेला. तर म्हनाले, त्यांची मुलाखत व्हायची आहे. नंतर ते स्वतः येऊन बदलतील." मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" "माहीत होतं की," त्या म्हणाल्या आणि कप माझ्यासमोर ठेवला. बारा वर्षं त्या मला गवती चहा घालून चहा देत होत्या. आणि मधूभाऊ बारा वर्षं दर रविवारी वही माझ्यापुढे सरकवत होते. मी नवं पान काढायचो, मागचं कधी उलटलं नाही.

तो तारा मी निवडला होता. पडताळा मी सोडला होता. समारंभाच्या मंडळींकडे मी गेलो होतो. मधुकर राऊत यांची त्यात काहीही चूक नव्हती. त्या सभेला जे हजर होते त्यांनी कृपया हे लक्षात घ्यावं.

मला रडू आलं, ते लपवत नाही. वहिनींनी खिडकीतलं हिरव्या शाईचं पेन उचललं, टोपण काढलं आणि माझ्या हातात दिलं. निब वाळली होती, ती मी चहाच्या बशीतल्या थेंबात बुडवून मोकळी केली. 'म. रा.'वरून एकच सरळ रेघ मारली, खालची अक्षरं वाचता येतील अशी, आणि बाजूला माझी आद्याक्षरं लिहिली, 'दि. सा.' मग वही मिटायला लागलो तर वहिनींनी पानावर हात धरला.

"घाई नको करू," त्या म्हणाल्या. एकवीस वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलल्या होत्या. "वाळू दे आधी."